एका कडेच्या तीन गोष्टी

बाहेरून आलेली कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेल्या मॉडेलची, फाइल उघडली की मी आधी आकाराकडे बघत नाही. आकार बहुतेक वेळा देखणाच असतो. डावीकडे मॉडेलची यादी उलगडते, तिच्यात बघते: एकच सॉलिड, म्हणजे सगळीकडून बंद आकार आलाय, की सुटे सरफेस, म्हणजे नुसती पृष्ठं? त्या दिवशी ११३ सरफेस आले होते. हातात धरायच्या एका यंत्राचं कवच होतं ते, सगळीकडून गोलाई असलेलं. सरफेस शिवून सॉलिड करायला सांगितलं, तर प्रोग्रॅमने नऊ कडा लाल करून दाखवल्या. नऊ ठिकाणी शिवण बसत नव्हती.

एका लाल कडेवर झूम करत गेले. काहीच दिसेना. आणखी आत गेले. मिलिमीटरचा शंभरावा भाग पडद्यावर बोटभर लांब दिसायला लागला, तेव्हा कुठे फट दिसली. दोन सरफेस शेजारीशेजारी चालले होते, कुठे एकमेकांवर चढत, कुठे लांब होत, पण टेकत मात्र नव्हते. पाठवणाऱ्याला फोन केला. "मॅडम, आमच्याकडे एकदम बंद सॉलिड आहे. व्हॉल्यूमसुद्धा दाखवतंय," तो म्हणाला. तो खरंच बोलत होता. त्याच्याकडे ते बंदच होतं.

जे एकाकडे बंद, ते दुसऱ्याकडे उघडं कसं? फाइल तीच, आकडे तेच. सरळ रेषांनी आणि सपाट पृष्ठांनी मला असा त्रास कधी दिलेला नाही. ठोकळा कुठूनही कुठेही पाठवा, ठोकळाच पोचतो. वक्र आला की गोष्ट बदलते, आणि ती का बदलते हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

लाकडी जहाजांच्या काळात सांगाड्याचे आकार मोठ्या फरशीवर पूर्ण मापात काढत. त्यासाठी लाकडाची एक लांब, लवचीक पट्टी घ्यायची, ठरावीक ठिकाणी शिशाची वजनं ठेवून ती अडकवायची, आणि मधल्या भागात तिला हवं तसं वळू द्यायचं. पट्टी कमीत कमी ताण घेऊन वळते, म्हणून तिचा वक्र डोळ्याला गुळगुळीत दिसतो. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. आज आम्ही मेनूत ज्या शब्दावर क्लिक करतो तो तिथून आला. मला या पट्टीबद्दल फार जिव्हाळा आहे, कारण आमची सगळी अडचण तिच्यात आधीपासून आहे. वक्र पट्टीत असायचा. वजनं उचलली की गेला. तो दुसऱ्या गावी पाठवायचा तर लाकडाचा किंवा पत्र्याचा साचा कापावा लागे, त्या साच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि प्रत्येक नकलेत हात थोडा इकडेतिकडे जायचाच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये रॉय लायमिंग यांनी विमानाच्या अंगाचे छेद शांकवांनी, म्हणजे दीर्घवर्तुळ आणि परवलय यांच्या घराण्यातल्या वक्रांनी, बांधायला घेतले. पी-५१ मस्टँग हे विमान त्या पद्धतीने आखलं गेलं. शांकव थोड्या आकड्यांत पूर्ण सांगता येतो. म्हणजे रेषा गिरवून पाठवायची गरज उरली नाही, आकडे पाठवले की पलीकडचा माणूस तोच वक्र पुन्हा उभा करू शकत होता. माझ्या लेखी वक्राचं पहिलं स्वच्छ एक्स्पोर्ट ते. फाइल नव्हती, कॉम्प्युटर नव्हता, पण वक्राचा नियम प्रवासाला निघाला होता.

पुढे १९५९मध्ये सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी, आणि साठच्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मोटारीच्या अंगासाठी जवळपास तीच पद्धत शोधली: चार-सहा बिंदू द्या, वक्र त्यांच्या ओढीने वळेल. सिट्रोएनने आपलं काम गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिएंचं झालं. दोन कंपन्या, एकच गणित, आणि मध्ये भिंत. कॅडच्या जन्मापासून ही भिंत आहे, असं मला कधीकधी वाटतं.

आता या पद्धतीतली एक खोच. बेझिएंच्या साध्या बहुपदी वक्राने तुम्ही जवळपास पाहिजे तसा आकार काढू शकता, पण वर्तुळ काढू शकत नाही. अचूक वर्तुळ कधीच येत नाही. चार तुकडे जोडून जवळ जाता येतं, आणि त्यात चूक त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के राहते. १०० मिलिमीटर त्रिज्येला ती ०.०२७ मिलिमीटर होते, केसाच्या जाडीहूनही कमी. चित्र काढणाऱ्याला ती कधी दिसणार नाही. पण चित्रकलेच्या प्रोग्रॅममधून आलेलं वर्तुळ कॅडमध्ये घेतलं की मला त्याचा केंद्रबिंदू सापडत नाही, त्रिज्या लिहिता येत नाही, त्यात बेअरिंग बसवायचं तर कुठे धरायचं कळत नाही. दिसायला ते वर्तुळ असतं, पण आपण वर्तुळ आहोत हे त्याला ठाऊक नसतं.

यावरचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. प्रत्येक कंट्रोल पॉइंटला, म्हणजे वक्राला ओढणाऱ्या बिंदूला, एक वजन द्यायचं. पाव वर्तुळासाठी तीन बिंदू घ्या, टोकांच्या बिंदूंचं वजन १ ठेवा आणि मधल्याचं दोनच्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे सुमारे ०.७०७१. वर्तुळ अचूक येतं. केनेथ व्हर्स्प्रिल यांनी १९७५मध्ये सिराक्यूज विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात ही वजनं बी-स्प्लाइनशी, म्हणजे अनेक तुकडे गुळगुळीत सांधून केलेल्या वक्राशी, जोडली. आज ज्याला आम्ही नर्ब्ज म्हणतो ते हेच. वर्तुळ, शंकू, गोल, मोटारीचं बॉनेट, सगळं एकाच साच्यात मावलं. हे पहिल्यांदा समजलं त्या संध्याकाळी मी वहीत हाताने पाव वर्तुळाचे बिंदू काढून बघितले होते. प्रत्येक बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर बरोबर एक येत होतं. उठावंसं वाटेना.

मग प्रश्न सुटला का? अर्धाच. लिहिणाऱ्याकडे हे सगळं असून वाचणाऱ्याची भाषा जुनी असेल तर उपयोग नाही. डीएक्सएफ या ड्रॉइंग पाठवायच्या फाइल-प्रकाराच्या आर-१२ या जुन्या आवृत्तीत आर्क, म्हणजे वर्तुळाचा तुकडा, आहे, पण स्प्लाइन आणि दीर्घवर्तुळ या वस्तूच नाहीत. त्या आर-१३मध्ये आल्या. अजूनही कितीतरी कटिंग मशीनसाठी आर-१२ मागतात, आणि मग एक्स्पोर्ट करणारा प्रोग्रॅम स्प्लाइनचे छोटे छोटे सरळ तुकडे करून देतो. गंमत अशी की त्याच डीएक्सएफच्या पॉलिलाइनमध्ये, म्हणजे तुकडे सलग जोडलेल्या रेषेत, आर्क फार काटकसरीने मावतो: दोन टोकांचे बिंदू आणि 'बल्ज' नावाचा एकच आकडा, आर्कच्या कोनाच्या पावभागाचा टॅन्जन्ट. अर्धवर्तुळाचा बल्ज बरोबर १. म्हणून मी आता स्प्लाइन तुकड्यांवर सोडत नाही. स्वतःच तिचे एकमेकांना स्पर्श करणारे आर्क करते आणि तेच पाठवते. शंभर मिलिमीटरच्या वळणाला साताठ आर्क पुरतात. मशीन न अडखळता फिरतं. तेच वळण तीनशे सरळ तुकड्यांत गेलं तर अनेक मशीन प्रत्येक कोपऱ्याशी वेग कमी करतात, आणि कडेवर बारीक पैलू उमटतात.

तुकड्यांचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा करून बघावा. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला ०.१ मिलिमीटर चूक चालणार असेल तर ५० तुकडे लागतात. ०.०१ हवी असेल तर १५८. चूक दहापट कमी केली, तुकडे फक्त तिपटीहून थोडे जास्त झाले. असं असताना लोक एसटीएल, म्हणजे पृष्ठाचे त्रिकोण करून देणारी फाइल, पाठवताना सेटिंग 'कोर्स', म्हणजे जाडंभरडं, का ठेवतात हे मला समजत नाही. दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या पृष्ठावर त्रिकोण दहापट होतात हे खरं, पण बायनरी फाइलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, तेवढं परवडतं. थ्रीडी प्रिंटला एसटीएल ठीकच आहे. पण त्यावर पुढे डिझाइन करायचं असेल तर ती पाठवू नका. त्या फाइलमध्ये एककसुद्धा नसतं, मिलिमीटर की इंच हे वाचणाऱ्याने ओळखायचं. तिथे त्रिज्या कुठली सापडणार!

आता त्या नऊ लाल कडांकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

दोन वक्रपृष्ठं एकमेकांना छेदतात तिथे कड तयार होते. समजा दोन्ही साधी द्विघन, म्हणजे दोन्ही दिशांनी तिसऱ्या घाताची, पृष्ठं आहेत, रोजच्या वापरातली. प्रत्येकाचं बीजगणितातलं समीकरण १८व्या घाताचं असतं. त्यांच्या छेदाचा वक्र १८ गुणिले १८, म्हणजे ३२४व्या घाताचा. असला वक्र कुणी अचूक साठवत नाही, साठवून कुणाला कामही करता येणार नाही. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम छेदावरून चालत जातो, बिंदू गोळा करतो आणि त्यांच्यातून एक साधी स्प्लाइन ओवतो. तीही तीनदा. एक अवकाशातली, कडेची म्हणून. दुसरी पहिल्या पृष्ठाच्या स्वतःच्या नकाशावर, तिसरी दुसऱ्या पृष्ठाच्या नकाशावर, कारण कुठे कापायचं हे प्रत्येक पृष्ठाला आपल्या नकाशात कळावं लागतं. कड एकच, पण तिच्या गोष्टी तीन, आणि तिन्ही थोड्याथोड्या वेगळ्या. तीन साक्षीदार एकच घटना सांगताहेत असं समजा. शब्दाला शब्द जुळणार नाही, पण घटना एकच आहे हे मान्य करायचं असतं.

किती फरकापर्यंत मान्य करायचं, तो आकडा म्हणजे टॉलरन्स. तो प्रत्येक घरात वेगळा आहे. पॅरासॉलिड या गणिती गाभ्यात, म्हणजे कॅडच्या पोटात भूमितीचा हिशेब करणाऱ्या भागात, दोन बिंदू एकच मानायची मर्यादा आहे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. ओपन कॅस्केड या दुसऱ्या गाभ्यात ती कामाच्या एककाचा एक कोटीवा भाग. काही प्रोग्रॅममध्ये हा आकडा वापरणाऱ्यानेच ठरवायचा असतो. माझ्या फोनवरच्या माणसाने तो ०.०१ ठेवला होता. शंभराव्या भागाइतकी फट त्याच्याकडे फट नव्हतीच, ती शिवण होती. माझ्याकडे, पॅरासॉलिडमध्ये, तीच फट मर्यादेच्या हजारपट रुंद होती. दोघांचंही खरं होतं. भांडण 'टेकणं' या शब्दाच्या अर्थाचं होतं, आणि तो अर्थ फाइलबरोबर नीट आला नव्हता.

फाइलचा प्रकारही इथे फार फरक पाडतो. आयजेस १९८०मध्ये आलं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सबरोबर बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी ते उभं केलं. आजही आयजेस फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक ओळ ८० अक्षरांची दिसते, पंचकार्डाच्या रुंदीची. त्यात वस्तूंना क्रमांक असतात: १०० म्हणजे आर्क, ११० म्हणजे रेषा, १२८ म्हणजे नर्ब्ज सरफेस. नंतरच्या आवृत्त्यांत त्यात सॉलिडची सोय झाली, पण व्यवहारात आयजेस म्हणजे बहुधा सुट्या कापलेल्या सरफेसची पिशवी. कोण कुणाचा शेजारी हे सांगितलेलंच नसतं. वाचणाऱ्याने कडा जवळ दिसतात म्हणून अंदाजाने शिवायचं. ते ११३ सरफेस असेच आले होते.

१९९४मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३, मला आवडतं. स्टेप फाइलसुद्धा नोटपॅडमध्ये उघडते, आणि सवय झाली की वाचता येते. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, एक ओळ दुसरीला हाक मारते. या पृष्ठाची ही कड, हीच कड त्या पृष्ठाचीही, फक्त उलट्या दिशेने. शेजार लिहून ठेवलेला असतो. दंडगोल असेल तर 'सिलिंड्रिकल सरफेस' असं नावानिशी येतं, सोबत अक्ष आणि त्रिज्या. आणि कुठेतरी एक छोटी ओळ असते, 'अनसर्टन्टी' नावाची: या फाइलमध्ये किती अंतर शून्य मानलं आहे. नवशिक्या मुलांना मी ती ओळ मुद्दाम शोधायला लावते. मॉडेल बघण्याआधी मॉडेल देणाऱ्याचा शब्द किती पक्का आहे ते बघा, असं सांगते.

पण स्टेपनेही सगळं होत नाही. प्रोग्रॅमच्या पोटात कितीतरी वक्र सूत्र म्हणून नाही, कृती म्हणून राहतात. फिलेट म्हणजे 'दोन पृष्ठांना टेकून पाच मिलिमीटर त्रिज्येचा चेंडू गडगडत न्या'. ऑफसेट म्हणजे 'या पृष्ठापासून दोन मिलिमीटर आत चाला'. स्क्रूच्या आट्यांची रेषा म्हणजे 'फिरता फिरता वर चढा'. यातलं बरंचसं नर्ब्जमध्ये अचूक मावत नाही. आट्यांची रेषा तर अजिबात नाही. सीमा ओलांडताना कृती मागे राहते आणि तिच्या वाटेचा ठसा तेवढा पुढे जातो, अंदाजे काढलेला.

या ठशाने मला एकदा चांगलंच शिकवलं. चकचकीत काळ्या प्लॅस्टिकचं झाकण होतं. फाइल माझ्याकडे आली, सगळं शिवलं गेलं, सॉलिड झालं, मोल्ड बनला. पहिला नमुना टूलरूममधल्या काकांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जरा खिडकीशी धर गं." धरला. उजेडाचा पट्टा गोलाईवरून घसरत येत होता, आणि एका जागी बारीक थरथरला. "मला वाटलं पॉलिशमध्ये राहिलंय," काका म्हणाले, "दोनदा घासलं. हे पॉलिशचं नाही. हे तुझ्याकडून आलंय." मी मापन यंत्रावर तपासून घेतलं. प्रत्येक बिंदू शंभराव्या भागाच्या आत. ड्रॉइंगप्रमाणे नमुना पास होता. उजेडाला तो नापास होता.

घरी जाऊन हिशेब मांडला. समजा खऱ्या पृष्ठावर ०.००५ मिलिमीटर वर आणि तेवढीच खाली जाणारी लाट आली, दर दोन मिलिमीटरला एक. एवढी लाट ०.०१च्या टॉलरन्सने फिट केलेल्या ठशात सहज लपते. पण तिचा उतार जवळपास एक अंशाचा होतो. परावर्तित किरण दुप्पट वळतो, म्हणजे पावणेदोन अंशांच्या आसपास. लाटेच्या माथ्यावरची वक्रता २० मिलिमीटर त्रिज्येची होते, जिथे डिझायनरने २०० मिलिमीटरची संथ गोलाई आखली होती. जागा बरोबर आणि दिशा चुकलेली. टॉलरन्स जागेबद्दल बोलतो, दिशेबद्दल नाही. डोळा दिशा बघतो. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

दोष कुणाचा होता? पाठवणाऱ्याच्या एक्स्पोर्ट सेटिंगचा, पण माझाही. मी शिवण बसली एवढंच बघितलं होतं. तेव्हापासून झीब्रा पट्टे, म्हणजे पडद्यावर पृष्ठात पाडलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब, लावल्याशिवाय मी एकही चकचकीत पृष्ठ पुढे जाऊ देत नाही. पट्टे शिवणीवर तुटले तर पृष्ठं फक्त टेकली आहेत. पट्टे जुळले पण तिथेच कोन झाला, तर स्पर्शिका जुळली आहे, वक्रता नाही. पट्टे वाहत पलीकडे गेले तर वक्रताही जुळली. हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

आणि दुसरी सवय लागली ती शिवणकाम सोडण्याची. नवी होते तेव्हा फाटलेली फाइल आली की मी टॉलरन्स सैल करून, इकडे ताणून, तिकडे ठिगळ लावून सॉलिड बनवायचे, आणि त्याचा अभिमानही वाटायचा. आता मला ते चुकीचं वाटतं. मी ताणलेलं पृष्ठ हे मूळ माणसाचं पृष्ठ उरत नाही, आणि त्याला ते कळतही नाही. फट दिसली की परत पाठवायचं, जागा दाखवून. तिथेच बरं होऊ द्यायचं, कारण नियम त्याच्याकडे आहे. माझ्याकडे फक्त ठसा.

तर त्या माणसाला मी पुन्हा फोन केला. टॉलरन्स आता घट्ट करून भागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. जुन्या कडा जुन्याच मापाने कापलेल्या राहतात. नव्याने कापायला हव्यात. त्याने टॉलरन्स ०.००१ केला, नऊ कडांच्या आजूबाजूच्या पृष्ठांचं कापणं काढून पूर्ण पृष्ठं मोकळी केली, मुद्दाम एकमेकांच्या पलीकडे थोडी वाढवली, पुन्हा छेद काढला. दोन कडांना तरीही फट राहत होती. बघितलं तर तिथे दोन फिलेट जवळपास स्पर्श करत भेटत होते. पृष्ठं अशी निसटती भेटली की छेद नेमका कुठे हे गणितालाही धड सांगता येत नाही. एका फिलेटची त्रिज्या त्याने अर्ध्या मिलिमीटरने बदलली, डिझायनरला विचारून. मग आयजेसऐवजी स्टेप काढली. आम्हा दोघांकडे एकच गणिती गाभा असता तर स्टेपचीही गरज नव्हती, गाभ्याचीच फाइल कुठलंही भाषांतर न होता आली असती.

"एक काम कराल का?" मी विचारलं. "पाठवायच्या आधी तुमच्याकडेच रिकाम्या विंडोत ती उघडून बघा. आणि व्हॉल्यूम आणि क्षेत्रफळ फाइलमध्येच लिहा." स्टेपमध्ये ही सोय आहे: पाठवणारा आपल्याकडचे हे आकडे आणि गुरुत्वमध्य आत लिहून ठेवू शकतो, वाचणारा आपल्याकडे मोजून ताडू शकतो.

"कधी केलं नाही," तो म्हणाला, "बघतो कुठे असतं ते."

दुपारी फाइल आली. यादीत एकच ओळ होती, सॉलिड. पृष्ठं ९६ झाली होती, आयजेसमध्ये अर्धेअर्धे तुटलेले दंडगोल आता अखंड आले होते. एकावर क्लिक केलं, त्रिज्या दिसली: १२, दशांशाच्या शेपटीशिवाय. व्हॉल्यूम मोजला. त्याने लिहिलेला आकडा शेजारी ठेवला. चौथ्या दशांशापर्यंत तोच. झीब्रा लावला आणि कवच सावकाश फिरवलं. जिथे नऊ लाल कडा होत्या तिथून काळे-पांढरे पट्टे न तुटता पलीकडे जात होते. मी काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "उद्या मोल्डचं स्टील लावू का मग?"